बीआयईआरटी, दिव्यांग मुलं आणि कागद: नक्की काय कमी करता येईल?

मलप्रभाकाठ

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, आज प्रश्न घेऊन आले आहे.

मी कर्नाटकाच्या सीमाभागातल्या एका तालुक्यात बीआयईआरटी आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: समग्र शिक्षण या सरकारी योजनेखाली तालुक्याच्या साधन केंद्रात (बीआरसीत) दिव्यांग मुलांसाठी जे विशेष शिक्षक असतात, ते आम्ही. ठरवून दिलेल्या शाळांत जायचं, तिथल्या गुरुजी-बाईंना या मुलांना वर्गात कसं सामावून घ्यायचं ते दाखवायचं, आणि जी मुलं शाळेपर्यंत येऊच शकत नाहीत त्यांना घरी जाऊन शिकवायचं. काम मनापासून आवडतं. वैताग येतो तो लिखाणाचा.

एका मुलामागे काय काय लिहावं लागतं बघा. एफएसीपीची तपासणी (मूल काय काय करू शकतं त्याचं पत्रक), वैयक्तिक शिक्षण आराखडा (आयईपी), दर तिमाहीचं मूल्यमापन, गृहभेटीची डायरी आणि तिच्यावर पालकांची सही नाहीतर अंगठा, शाळेच्या भेटवहीत नोंद, साहित्यवाटपाचं रजिस्टर, भत्त्यांची यादी. झालं? नाही. यातली अर्धी माहिती सॅट्सवर (राज्याची विद्यार्थी नोंद) आहे, यूडायसवर (देशाची शाळा नोंद) आहे, दिव्यांगत्वाच्या प्राथमिक चाळणीच्या प्रशस्त ॲपवर आहे, यूडीआयडीचं (दिव्यांग ओळखपत्राचं) सगळं स्वावलंबनच्या पोर्टलवर आहे. आणि तरी ग्रुपवर निरोप पडतो, 'सर्व दिव्यांग मुलांची यादी आधार, बँक खातं व दिव्यांगत्वाच्या टक्क्यांसह दुपारी 3 च्या आत. टॉप अर्जंट.' पुढच्या महिन्यात परत तीच यादी, रकाने तेवढे इकडचे तिकडे.

हे सगळं कन्नडमधे. मला कन्नड लिहायला येतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण माझ्याकडची बरीच मुलं मराठी घरांतली आहेत. आईला आराखडा वाचता आला नाही तर तिनं घरी सराव घ्यायचा कसा? म्हणून तो दोनदा लिहिते, एक ऑफिससाठी आणि एक त्यांच्या भिंतीला चिकटवायला.

तर विचारायचं हे की तुमच्याकडे यातलं काही खरोखर कमी झालंय का? कसं झालं? शिक्षक, पालक, ऑफिसातले लोक, कुणीही सांगा. 'वरूनच आलंय, काय करणार' हे सोडून.

निपाणीचा_वारा

'टॉप अर्जंट' वाचूनच पोटात गोळा आला ताई. मी साधा प्राथमिक शिक्षक. आमच्याकडे टॉप अर्जंटच्या वर आता 'मोस्ट टॉप अर्जंट' आलंय. नुसतं 'अर्जंट' असलं तर आम्ही जेवून घेतो.

खडेबाजार

कागद कुठल्या नोकरीत नाही हो? बँकेत या एकदा. एका केवायसीसाठी आम्ही जेवढी झेरॉक्स गोळा करतो तेवढ्यात तुमच्या तालुक्याचे आराखडे होतील. सरकारी पैसा खर्च होतो तिथं हिशेब मागणारच. मला यात रडण्यासारखं काही दिसत नाही.

कणकुंबी_पाऊस

खडेबाजार, तुमच्या बँकेला छप्पर आहे की. मी पण बीआयईआरटी, तालुका सांगत नाही, नावावरून कळेलच. जुलैमधे आमच्याकडे गृहभेटीला जायचं म्हणजे डायरी प्लॅस्टिकच्या पिशवीत, ती पिशवी रेनकोटच्या आत, आणि सही घ्यायला बाहेर काढली की पानावर थेंब. आईचा अंगठा शाईत पसरतो. मग वरचे साहेब विचारतात, हा अंगठा आहे की डाग?

फोटोचं तर विचारू नका. अक्षांश-रेखांशासकट फोटो पाहिजे. जांबोटीच्या पुढं गेलं की रेंज नाही, मोबाईल ठिकाण शोधत गोल गोल फिरत राहतो. एकदा घराच्या मागं टेकडीवर चढून लोकेशन मिळालं, पण तिथं पोरगं नाही ना! तो पाठीवर झोपून असतो, सेरेब्रल पाल्सी आहे. फोटोत नुसती मी आणि गवत.

कुंदा_खाऊन_बघा

'नुसती मी आणि गवत' 😂 हा फोटो चालला की नाही ते सांगा आधी.

कणकुंबी_पाऊस

चालला! लोकेशन बरोबर होतं ना.

मलप्रभाकाठ

@कणकुंबी_पाऊस, यातच सगळं आलं बघा.

@खडेबाजार, हिशेब द्यायला माझी ना नाही. एका मुलाची जन्मतारीख मी पाच ठिकाणी लिहायची, आणि एका ठिकाणी वेगळी पडली की पाचही ठिकाणी दुरुस्तीसाठी मीच धावायचं, याला हिशेब म्हणत नाहीत. उदाहरण देते. एका मुलाचं नाव ज्ञानेश्वर. आधार काढलं तेव्हा कुटुंब कामासाठी कोल्हापूरकडे होतं, तिथं इंग्रजी स्पेलिंग 'डी' ने सुरू झालं. इकडे शाळेत 'जे' ने. नाव एकच, मुलगा एकच, पण नावं जुळेनात म्हणून भत्ता अडकला. भत्ता कसला, तर बसभाड्याचा. दुरुस्तीसाठी बापाची रोजगारी बुडाली ती भत्त्यापेक्षा जास्त.

एक_आई_शहापूर

मी दुसरी बाजू मांडते, राग मानू नका.

माझा मुलगा अंशतः अंध आहे, शिवाय लिहायला फार वेळ लागतो. तिसरीत असताना एक मॅडम होत्या, तुमच्यासारख्याच बीआयईआरटी. त्यांनी त्याची फाईल केली होती. निळी फाईल, आत दोरा, प्रत्येक तिमाहीचा कागद. मला तेव्हा वाटायचं, या बाई शिकवतात कमी आणि लिहितात जास्त. तोंडावर बोलूनही दाखवलं होतं.

दहावीला लेखनिक आणि जादा वेळ मागायची वेळ आली तेव्हा ऑफिसात विचारलं, आधीपासून अडचण होती याला आधार काय? यूडीआयडी कार्ड होतंच, पण त्यावर फक्त अपंगत्वाचा प्रकार आणि टक्का असतो. तो वाचतो कसा, किती अंतरावरून, किती मोठं अक्षर लागतं, एक पान लिहायला किती वेळ लागतो, हे कुठेच नसतं. ते होतं निळ्या फाईलमधे. ती फाईल टेबलावर ठेवल्यावर पुढचे प्रश्न बंद झाले. तासाला 20 मिनिटं जादा वेळ मिळाला, लेखनिक मिळाला, पोरगं पास झालं.

तेव्हा कागद कमी करा जरूर, पण कुठला कागद ते बघून करा. उद्या कुणीतरी 'शिक्षकांचा ताण कमी केला' म्हणून आराखडाच बंद करायचा आणि याद्या तशाच चालू राहायच्या.

सुधामावशी

एक_आई, शंभर टक्के. मी विशेष शाळेत आयुष्य घालवलं, आता निवृत्त. थोडं सविस्तर लिहिते, म्हातारपणी वेळ भरपूर आहे.

एफएसीपी हे सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेनं (तेव्हाची एनआयएमएच, आता एनआयईपीआयडी) बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी बनवलेलं तपासणीपत्रक. त्यात मूल एखादी गोष्ट कुणाच्या मदतीनं करतं ते नोंदवतात: स्वतः, खूण केल्यावर, तोंडी सांगितल्यावर, हात धरून, की पूर्णपणे दुसऱ्यावर अवलंबून. एवढंच. पण यातच सगळा मेवा आहे. शर्टाचं बटण लावणं घ्या. जूनमधे 'हात धरून' होतं, सप्टेंबरमधे 'तोंडी सांगितल्यावर' झालं, तर आईला दिसत नसलेली प्रगती कागदावर दिसते. आई म्हणते, 'अजून लावत नाही हो'. मी म्हणायची, 'लावतो, तुम्ही सांगायचं आणि हात मागं घ्यायचे.'

हा एक कागद जीव लावून करायचा असतो. आणि आजकाल नेमकं उलटं होतं. यादीला वेळ जातो म्हणून आराखडा उरकला जातो. मला एकदा तपासायला बोलावलं होतं, कुठं ते सोडा. एकाच अक्षरातले, एकाच मजकुराचे आराखडे, मुलाचं नाव तेवढं बदललेलं. पूर्ण दृष्टिहीन मुलीच्या आराखड्यात उद्दिष्ट होतं, 'लाल व पिवळा रंग ओळखते'. सही, शिक्का, तारीख सगळं जागच्या जागी.

त्या शिक्षिकेला मी दोष दिला नाही. तिच्याकडे मुलं किती होती ते रजिस्टरवर दिसत होतं.

निपाणीचा_वारा

मावशी, ते वाचून हसावं की रडावं कळेना. आणि मूल्यमापनात 'साध्य झाले' पण लिहिलं असणार!

सुधामावशी

'अंशतः साध्य' होतं रे बाळा.

टेबल_नंबर_चार

धागा वाचतोय. मी टेबलाच्या पलीकडचा. शिक्षण खात्यातला कारकून आहे, कुठला तालुका विचारू नका. दोन शब्द आमच्या बाजूनं.

ही यादी परत परत का मागतात? कारण मागणारे वेगळे असतात. भत्त्यांसाठी एक शाखा मागते, तिला बँक आणि आधार हवं. एलिम्कोचा (दिव्यांगांची साधनं बनवणारी सरकारी कंपनी) साहित्य मोजमापाचा कॅम्प असला की अपंगत्वाचा प्रकार, वय, उंची हवं. वार्षिक आराखडा आणि बजेटच्या वेळी नुसते आकडे हवेत, कारण केंद्राचं गणित मुलामागे वर्षाला 3500 रुपये असं चालतं. मुलींचा विद्यावेतनाचा भाग वेगळा, महिन्याला 200 प्रमाणे 10 महिने, त्याची यादी वेगळी. त्यात एखादा प्रश्न विधानसभेत आला की दुपारी 3 ची मुदत पडते, ती आमच्यावर सकाळी 11 ला पडलेली असते.

आता खरं सांगतो. मागच्या महिन्याची यादी आमच्याच कॉम्प्युटरवर असते. पण ती कुठल्या तारखेची, त्यात कोण नवीन आलं, कोण गाव सोडून गेलं याची खात्री नसते. जुनी पाठवून चुकली तर मेमो मला. नवीन मागवली तर चुकीची जबाबदारी तुमच्यावर. म्हणून मागवतो. हे तुम्हाला आवडणार नाही, पण टेबलावर असंच चालतं.

मलप्रभाकाठ

सर, न आवडण्यासारखं काय त्यात. उलट इतक्या वर्षांत हे कुणी उघड बोललेलं पहिल्यांदाच ऐकते. मग मला सांगा, तालुक्याची एकच यादी ठेवली, दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला आम्ही सगळे मिळून ती दुरुस्त केली, वर तारीख आणि आमच्या सह्या टाकल्या, तर तुम्ही महिनाभर तीच वापराल का?

टेबल_नंबर_चार

तोंडी सांगून नाही चालणार. बीईओ (तालुक्याचे शिक्षणाधिकारी) साहेबांचं एक पानी सूचनापत्र पाहिजे की 'अमुक तारखेची यादी पुढील महिनाभर ग्राह्य'. ते असलं तर माझा जीव पण सुटेल की हो.

वकिली_काळा_कोट

शिक्षक मित्र नेहमी आरटीईचं (शिक्षण हक्क कायद्याचं) कलम 27 दाखवतात, म्हणून स्पष्ट करतो. त्या कलमानं शिक्षकाला शिक्षणेतर कामाला लावायला बंदी आहे. जनगणना, आपत्ती आणि निवडणुका हे अपवाद. पण दिव्यांग मुलाची यादी 'शिक्षणेतर' आहे असं म्हणणं कठीण. त्या दारातून आत जाता येणार नाही.

दुसरं दार आहे. कागद जास्त वाटतो कारण माणसं कमी आहेत. सुप्रीम कोर्टानं 28 ऑक्टोबर 2021 ला रजनीश कुमार पांडे प्रकरणात यावर निकाल दिला, आणि सप्टेंबर 2022 मधे केंद्रानं राजपत्रात प्रमाण ठरवलं: खालच्या वर्गांत 10 दिव्यांग मुलांमागे 1 विशेष शिक्षक, वरच्या वर्गांत 15 मागे 1. मार्च 2025 मधे कोर्टानं राज्यांना पदं मंजूर करून जाहीर करायला सांगितलं. 10 मुलं असतील तर मावशी म्हणतात तसा आराखडा कुणीही जीव लावून करेल.

शिवाय कामही कायद्यानं वाढलंय हे लक्षात घ्या. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, 2016 च्या कायद्यात 21 झाले. अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, थॅलसेमिया सगळं आलं. ते योग्यच झालं. पण प्रकार तिप्पट झाले म्हणून शिक्षक तिप्पट झाले नाहीत.

चंदगडी

आमच्याकडे महाराष्ट्रात 2024 मधे केंद्रपातळीवर (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाला) 4860 विशेष शिक्षकांची पदं मंजूर झाली, ही गोष्ट खरी. पण लिखाण कमी झालं असं समजून कुणी शिनोळीची हद्द ओलांडून येऊ नका. आमच्याकडे पोर्टल वेगळी, निरोप तेच. फक्त मराठीत टॉप अर्जंट येतं.

सीमेवरची एक गंमत अशी की आमच्या गावातली एक मुलगी शाळेला बेळगावात जाते. यूडीआयडी महाराष्ट्रात काढलेलं. कार्ड देशभर चालतं, कायद्यानं काही अडचण नाही. तरी तिकडच्या शाळेत विचारलं, हे आमच्या जिल्ह्याचं कसं नाही? आणि इकडे विचारतात, शाळा आमची कशी नाही? मुलगी मात्र रोज दोन्हीकडे आहे.

खडेबाजार

सीमाप्रश्न आला. आता हा धागा हजार प्रतिसादांवर जाणार. मी चहा टाकतो.

कुंदा_खाऊन_बघा

टाका, आणि हजार झाले की कुंदा माझ्याकडून. मांडे पण चालतील, पण ते करायला घरी कुणी तयार नाही.

सीमेवरचा_मास्तर

सीमाप्रश्न बाजूला ठेवू, पण भाषेचा प्रश्न टाळता येणार नाही, मूळ पोस्टमधेच आहे. मी मराठी माध्यमाच्या सरकारी शाळेत आहे. खात्याचा पत्रव्यवहार कन्नडमधे, हे राज्याचं धोरण, मान्य. पण पालकाच्या हातात जो कागद द्यायचा, ज्यावर त्याची संमती घ्यायची, तो त्याला वाचता येईल अशा भाषेत असायला नको का? भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या केंद्राच्या तरतुदींतच आहे की जिथं त्यांची वस्ती 15 टक्क्यांच्या वर आहे तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात. मी मोर्चा काढा म्हणत नाही. आराखड्याचा नमुना दोन रकान्यांचा छापा, डावीकडे कन्नड, उजवीकडे मराठी. एकदा छापायचा, ताईंना दोनदा लिहायला नको.

हुक्केरी_कन्नडिगा_मराठी

मास्तर, याला माझा पूर्ण पाठिंबा, आणि माझी मातृभाषा कन्नड आहे. मराठी शेजाऱ्यांकडून शिकलो, चुका पोटात घाला. आमच्याकडे उर्दू घरातली मुलं पण आहेत. त्यांच्या आईला कन्नड पण नाही, मराठी पण नाही. मी चित्रं काढून देतो. दात घासणे, ताट उचलणे, चप्पल घालणे, प्रत्येकाचं चित्र, पुढं सात खाने. आईनं रोज एक खूण करायची. ऑफिसात चिकटवलं तर म्हणाले, हा नमुना मंजूर नाही. घरी चिकटवलं तर आजी पण खूण करते.

मलप्रभाकाठ

सर, चित्रांचा फोटो टाकाल का इथं? मुलाचं नाव झाकून. मला लगेच हवंय.

जर्सीचं_पाखरू

नमस्कार, मूळची टिळकवाडीची, आता न्यू जर्सीत विशेष शिक्षिका. तुमचा आमचा आजार एकच आहे हे वाचून विचित्र समाधान झालं.

आयईपी ही कल्पनाच अमेरिकेतल्या 1975 च्या कायद्यातून आली. इथे आराखड्याच्या बैठकीत पालक कायद्यानं सदस्य असतात, त्यामुळे कागद जड असला तरी त्याला वजन आहे. पण तो जड का होतो, तर पालक उद्या दावा लावतील या भीतीनं. तुमच्याकडे ऑडिटची भीती, इथे वकिलाची. 2004 मधे कायदा बदलताना संसदेनं हा त्रास मान्य केला होता. 15 राज्यांपर्यंत प्रायोगिक सवलत ठेवली: काही कागदी अटी शिथिल करायच्या, आणि पालकांची तयारी असेल तर दरवर्षीऐवजी 3 वर्षांपर्यंतचा आराखडा करायचा. मला स्वतःला 3 वर्षांची कल्पना पटत नाही. लहान मूल 3 वर्षांत पार बदलतं. कुणी तुमच्याकडे 'वर्षातून एकदाच मूल्यमापन करा, ताण कमी होईल' म्हणालं तर पटकन हो म्हणू नका.

इथे आता बरेच जण एआयकडून मसुदा करून घेतात. वेळ वाचतो हे खरं.

निपाणीचा_वारा

हे बरं आठवलं. मी पण तेच सुचवणार होतो. मोबाईलवर बोलायचं, तो मराठीत टाईप करतो, तिथून कन्नड करून घ्यायचं. गृहभेटीची डायरी पाच मिनिटांत.

सुधामावशी

डायरीला चालेल. आराखड्याला नको. लाल-पिवळा रंग ओळखणारी दृष्टिहीन मुलगी तेवढ्याच वेगानं तयार होईल, आणि भाषा इतकी छान असेल की कुणाला शंका येणार नाही.

जर्सीचं_पाखरू

मावशींशी सहमत. मी निरीक्षण स्वतः लिहिते, यंत्राकडून फक्त वाक्यं नीट करून घेते. आणि मुलाचं नाव, आधार, निदान काहीही त्यात टाकत नाही.

वकिली_काळा_कोट

हा मुद्दा इथल्या लोकांनी नीट ऐका. मुलांची नावं, आधार, बँक खातं, अपंगत्वाचा प्रकार आणि टक्का अशा याद्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक्सेलमधे फिरतात. कोण ग्रुपमधे आहे, कुणी बदली होऊन गेलं, कुणी फाईल पुढं ढकलली, पत्ता नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची वेगळी तरतूद आहे. यादी कमी वेळा फिरवा, हे नुसतं शिक्षकाच्या सोयीसाठी नाही, मुलाच्या अब्रूसाठी पण आहे. बीईओंना पत्र लिहिणार असाल तर हा परिच्छेद पहिला टाका. सोयीचं कारण कुणी ऐकत नाही, जोखमीचं ऐकतात.

कणकुंबी_पाऊस

आमच्या ग्रुपवर एकदा याद्यांच्या मधेच कुणीतरी लग्नपत्रिका टाकली होती. तिला पण 'पाहिले, धन्यवाद सर' अशी उत्तरं आली.

खडेबाजार

😄 चहा सांडला.

गंमत बाजूला ठेवून एक सांगतो. मी सुरुवातीला बँकेचं उदाहरण दिलं, तेच पुढं नेतो. आमच्याकडे केवायसी दर महिन्याला मागत नाहीत. जोखमीप्रमाणे ठरलेल्या वर्षांनी, आणि काही बदललं नसेल तर 'बदल नाही' एवढं स्वतः लिहून दिलं की पुरतं. तुमच्या यादीला पण हेच लावा. ज्या मुलाचं काही बदललं नाही त्याची ओळ परत भरायचीच नाही. नवीन आलेलं, गेलेलं, कार्ड मिळालेलं, खातं बदललेलं एवढ्याच ओळी पाठवायच्या.

टेबल_नंबर_चार

खडेबाजार साहेब, हे जमेल. 'बदल पत्रक' असं नाव देऊ. मला पण चाळीस पानं उघडण्यापेक्षा अर्धं पान बरं.

एक_आई_शहापूर

मला एक शंका. बदल नाही म्हटलं की कार्डाची मुदत संपलेली मुलं सुटतील ना? माझ्या मुलाचं पहिलं प्रमाणपत्र तात्पुरतं होतं, परत तपासणीला न्यावं लागलं. ओळखीच्या दोन बायकांचं ते ध्यानातच राहिलं नाही, पोरांचे लाभ थांबले. मॅडमनी यादी करताना आठवण केली म्हणून माझं वाचलं.

मलप्रभाकाठ

ताई, बरोबर पकडलंत. तात्पुरत्या प्रमाणपत्राची मुदत हा रकाना यादीत पाहिजेच, आणि तो लाल शाईत. आत्ताच्या कुठल्याच यादीत तो मागत नाहीत, खरं तर मुलाच्या कामाचा तोच आहे! कार्ड पिवळं की निळं हे चार वेळा विचारतात. अहो, 40 ते 80 टक्के पिवळं आणि 80 च्या वर निळं, टक्का लिहिलाय म्हणजे रंग आलाच की.

सीमेवरचा_मास्तर

ताई, एक बोलू का? प्रशस्तची पहिली चाळणी वर्गशिक्षकानं करायची असते, दुसरा भाग विशेष शिक्षक, समुपदेशक किंवा मुख्याध्यापकांचा. प्रत्यक्षात आमच्यातले बरेच जण पहिला भाग पण तुमच्यावर ढकलतात, 'बाई येतील तेव्हा भरू' म्हणून. कागद फक्त वरून येत नाही, बाजूनं पण येतो. मूल रोज आमच्या समोर बसतं. तो कुठल्या बाकावरून फळा बघतो हे मला माहीत, तुम्हाला पंधरा दिवसांनी एकदा दिसतं. आमच्या शाळेत आम्ही ठरवलं, पहिला भाग वर्गशिक्षकच भरणार. मुख्याध्यापकांनी वेळापत्रकात एक तास दिला. आमच्या बीआयईआरटी बाई त्या वेळात आता दोन मुलांना प्रत्यक्ष शिकवतात.

कणकुंबी_पाऊस

मास्तर, तुमच्या शाळेत बदली कशी मिळते? 😭

हुक्केरी_कन्नडिगा_मराठी

चित्रांचा तक्ता टाकला आहे, नावं झाकून. पाणी पिण्याचं चित्र थोडं बिघडलंय, तांब्या आहे तो, मडकं नाही.

सुधामावशी

फार छान काढलंय. मडकंच वाटतं.

मलप्रभाकाठ

सगळ्यांचे आभार. आमच्या बीआयईआरटींची बैठक पुढच्या आठवड्यात आहे. बीईओंना द्यायच्या पत्राचा कच्चा मजकूर इथंच ठेवते, फाडून काढा.

याद्यांमुळे मुलांची खाजगी माहिती ग्रुपवर फिरते, ते थांबावं. दर महिन्याच्या 5 तारखेला तालुक्याची एक यादी नक्की करू, ती महिनाभर ग्राह्य धरावी, मधे फक्त बदल पत्रक. यादीत प्रमाणपत्राची मुदत हा रकाना घालावा, कार्डाचा रंग काढावा. प्रशस्तचा पहिला भाग वर्गशिक्षकांकडेच राहावा, तसं शाळांना कळवावं. पालकांना द्यायचा आराखडा दोन भाषांत छापावा, आणि जिथं लागेल तिथं चित्रांचा तक्ता जोडायला परवानगी द्यावी. रेंज नसलेल्या गावांत फोटोऐवजी पालकाची सही पुरेशी मानावी. आराखडा आणि तिमाही मूल्यमापन यांना हात लावू नये.

जास्त पदांची मागणी यात घातलेली नाही. ती तालुक्याच्या हातात नाही, आणि तिच्यामुळे बाकीचं पत्र बाजूला पडेल.

वकिली_काळा_कोट

पदांची मागणी वगळलीत हे मला पटलेलं नाही. निदान 10 ला 1 आणि 15 ला 1 या प्रमाणाचा उल्लेख तरी ठेवा, सध्या एकेका शिक्षकाकडे किती मुलं आहेत ते तालुक्याच्या आकड्यासकट. मागू नका, नोंदवा.

मलप्रभाकाठ

नोंदवते. पण शेवटी, जोडपत्र म्हणून.

टेबल_नंबर_चार

5 तारीख नको ताई. महिन्याच्या सुरुवातीला पगारबिलं आणि बिसीऊटाचे (शाळेतल्या दुपारच्या जेवणाचे) हिशेब असतात, तुमचं पत्र खाली जाईल. 12 करा. आणि फोटोचा मुद्दा वेगळ्या पत्रात द्या, तो तालुक्याच्या अधिकारात आहे की जिल्ह्याच्या ते आधी मी बघून सांगतो. एकाच पत्रात घातलात तर सगळंच पत्र डीडीपीआय (जिल्ह्याच्या शिक्षण उपसंचालक) कार्यालयात मार्गदर्शनासाठी जाईल आणि तिथंच राहील.

कणकुंबी_पाऊस

फोटोचं पत्र माझ्याकडून जाऊ दे. सोबत तो गवताचा फोटो जोडते.

मलप्रभाकाठ

12 करते. मजकूर कन्नडमधे मीच लिहीन, पण सरकारी वळणाचा होतो की नाही ते कुणीतरी तपासून द्यायला हवं.

हुक्केरी_कन्नडिगा_मराठी

मला पाठवा, रविवार दुपारपर्यंत. सोमवारी मला स्वतःला यादी द्यायची आहे, 3 च्या आत.